जुना व्हिडिओ गेम, टीव्ही बॉक्स आणि ताईची फिट

दिवाळीच्या सुट्टीत ताईच्या मुलाने मला विचारलं, "मामा, तुमच्या लहानपणीचा मारिओ आपल्या टीव्हीवर लागेल का?" टीव्हीला जोडायच्या अँड्रॉइड बॉक्सवर जुन्या गेम चालवता येतात हे त्याने मोबाईलवर कुठेतरी पाहिलं होतं. मी हो म्हणणार तेवढ्यात स्वयंपाकघरातून ताईचा आवाज आला, "लावून दे. पण खोलीतला दिवा चालू ठेवायचा. आणि मी तिथेच बसणार."

या अटीचं कारण त्या बारा वर्षांच्या मुलाला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. आजचा लेख त्याच कारणाबद्दल आहे. ताईची परवानगी घेऊन लिहितो आहे. "माझं नाव नको, पण बाकी सगळं लिही. निदान कुणाच्या तोंडात चमचा तरी घालणार नाहीत," असं ती म्हणाली.

१९९६ ची ती दुपार

ताई म्हणजे माझी चुलत बहीण, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. तेव्हा नंदुरबार जिल्हा झालेला नव्हता. तो १ जुलै १९९८ ला झाला, त्याआधी आम्ही धुळे जिल्ह्यात होतो. शहादा तालुक्यातल्या आमच्या गावी उन्हाळ्याच्या सुट्टीत सगळी भावंडं जमायची. त्या वर्षी काकांनी सुरतहून टीव्हीवर खेळायचा व्हिडिओ गेम आणला. जपानमध्ये १९८३ साली निघालेल्या निंटेंडोच्या फॅमिकॉमची ती नक्कल होती. तशा नकला तेव्हा भारतभर विकल्या जात. त्यात घालायच्या डब्यांना आम्ही कॅसेट म्हणायचो. कॅसेटवर शेकडो गेमचा आकडा छापलेला असे आणि आत त्याच चार-पाच गेम पुन्हा पुन्हा निघत.

टीव्ही चौदा इंची होता. रिमोटची वायर आखूड, त्यामुळे पडद्यापासून दोन-तीन फुटांवरच बसावं लागे. मे महिन्याचं ऊन बाहेर राहावं म्हणून खिडक्या बंद आणि खोलीत अंधार. आदल्या रात्री आम्ही गच्चीवर दोन वाजेपर्यंत गप्पा मारत जागलो होतो. ताई म्हणाली, "पुरे आता, डोकं जड झालंय." मी म्हणालो, "एकच डाव राहिलाय. हा झाला की बंद."

विमानाने बॉम्ब टाकायची गेम होती. बॉम्ब पडला की अख्खा पडदा पांढरा-काळा लुकलुकायचा. तिसऱ्या की चौथ्या बॉम्बला ताईच्या हातातला रिमोट गळून पडला. ती मागे कोसळली, अंग ताठ झालं आणि हातपाय झटके देऊ लागले.

मग घरात जे घडलं ते आपल्याकडे आजही अनेक घरांत घडतं. कुणी कांदा फोडून नाकाशी धरला, कुणी चप्पल हुंगवली, कुणी किल्ल्यांचा जुडगा मुठीत कोंबला. दातखिळी सोडवायला चमचा घातला, त्यात तिच्या पुढच्या दाताचा तुकडा उडाला. दीड-दोन मिनिटांत झटके थांबले. सगळ्यांना वाटलं, कांद्याने थांबले.

व्हिडिओ गेम माळ्यावर गेला. ताईला आधी भगताकडे नेलं, मग एका देवस्थानी, मग आणखी एका. पुढे तिला वर्षातून दोन-तीन वेळा फिट यायची. एकदा रात्री टीव्ही बघताना आली. एकदा सकाळी बसच्या खिडकीशी बसली असताना आली. दहावीनंतर "मुलीला रस्त्यात काही झालं तर" म्हणून शिक्षण थांबलं. डॉक्टरकडे नेलं नाही, कारण नेलं की "तिला फेफरं आहे" हे गावभर होणार होतं.

अशी दहा वर्षं गेली.

फिट म्हणजे नेमकं काय होतं?

मेंदूतल्या पेशी एकमेकींशी अतिशय सूक्ष्म विजेच्या संदेशांनी बोलतात. आपल्याकडचा भोंगऱ्या बाजार डोळ्यांसमोर आणा. हजारो माणसं आपापल्या कामात असतात, कुणी भाव करतंय, कुणी हसतंय, कुणी चालतंय. गोंधळ वाटतो, पण प्रत्येकाचं काम सुरू असतं. मग ढोल वाजू लागतो आणि एकेक करत सगळ्यांचे पाय एकाच ठेक्यावर पडू लागतात. फिट येते तेव्हा मेंदूतल्या असंख्य पेशी अशाच एका ठेक्यात अडकतात. आपापलं काम सोडून त्या एकदमच संदेश सोडतात, म्हणून शुद्ध हरपते आणि झटके येतात. बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत मेंदू स्वतःच हा ठेका मोडतो. कांदा हुंगवला तरी आणि नाही हुंगवला तरी.

ताईच्या मेंदूला हा ठेका प्रकाशाने दिला. डोळ्यांनी पाहिलेलं चित्र डोक्याच्या मागच्या भागात पोचतं. काही लोकांच्या मेंदूचा हा भाग ठरावीक वेगाने लुकलुकणाऱ्या प्रकाशाला फार संवेदनशील असतो. साधारणपणे सेकंदाला ३ ते ३० वेळा होणारा लुकलुकाट धोक्याचा आणि त्यातही १५ ते २० च्या आसपासचा जास्त. गडद लाल रंग, काळ्या-पांढऱ्या ठळक पट्ट्या आणि पडद्याचा मोठा भाग एकदम चमकणं यांनी धोका वाढतो. याला प्रकाश-संवेदनशील मिरगी म्हणतात.

हे फार लोकांना असतं का? नाही. मिरगीच्या १०० रुग्णांत साधारण तिघांना हा त्रास असतो. पण मुलांमध्ये आणि वयात येणाऱ्या मुलामुलींमध्ये हे प्रमाण जास्त असतं, मुलींमध्ये थोडं अधिक. आणि पहिली फिट येईपर्यंत बहुतेकांना आपल्याला असं काही आहे याची कल्पनाच नसते.

जपानमधली घटना याचं मोठं उदाहरण आहे. १६ डिसेंबर १९९७ च्या संध्याकाळी पोकेमॉन मालिकेच्या एका भागात लाल-निळा प्रकाश सेकंदाला सुमारे १२ वेळा लुकलुकला. त्यानंतर ६८५ जणांना दवाखान्यात न्यावं लागलं, त्यात बहुतेक मुलं होती. सगळ्यांनाच फिट आली नव्हती, काहींना मळमळ, डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी असा त्रास झाला. पण ज्यांना फिट आली त्यांतल्या बऱ्याच जणांना त्याआधी कधीही आली नव्हती. आता अनेक देशांत टीव्ही कार्यक्रमांना नियम आहेत. पडदा सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लुकलुकू नये, हा त्यातला मुख्य नियम. ताईचा गेम या सगळ्याच्या आधीचा होता.

निदान कसं झालं?

२००६ मध्ये मी एमबीबीएसला होतो. वर्गात ईईजी शिकवताना सरांनी रुग्णासमोर लुकलुकणारा दिवा लावून मेंदूचा आलेख काढायची पद्धत सांगितली, आणि मला ती बंद खिडक्यांची खोली आठवली. सुट्टीत घरी जाऊन मी काकूंशी भांडलो. शेवटी आजीच म्हणाली, "न्या रे तिला. एवढी वर्षं देव केले, आता डॉक्टर करून बघा."

मेंदूविकारतज्ज्ञांनी ताईला विचारलेला पहिला प्रश्न आम्हाला कुणालाच सुचला नव्हता. "सकाळी उठल्यावर हातातून कप निसटतो का? हात दचकल्यासारखा उडतो का?" ताई म्हणाली, "रोजच. घरचे मला वेंधळी म्हणतात." हे उडणारे हात, वयात येताना सुरू झालेल्या फिट, जागरणाने होणारा त्रास आणि दिव्यासमोर बदललेला आलेख, या सगळ्यातून निदान झालं. गोळ्या सुरू झाल्या. २००७ नंतर तिला एकही फिट आलेली नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार योग्य औषधोपचार मिळाल्यास मिरगीचे सुमारे ७० टक्के रुग्ण फिटमुक्त राहू शकतात. ताई त्यातलीच एक. २००९ मध्ये तिचं लग्न झालं. सासरच्यांना आधी सगळं सांगितलं होतं. मिरगीच्या आधारे लग्न रद्द ठरवण्याची तरतूद आपल्या कायद्यातून १९९९ मध्येच काढून टाकली आहे, हे तेव्हा मी दोन्ही घरांना समजावलं. मूल होऊ देण्याआधी तज्ज्ञांनी तिची गोळी बदलली, कारण मिरगीची काही औषधं, विशेषतः व्हॅल्प्रोएट, गर्भातल्या बाळाला अपाय करू शकतात. म्हणून मुलींनी आणि बायकांनी हा विषय डॉक्टरांकडे आधीच काढावा. पण गोळी स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नये.

आता टीव्ही बॉक्सचं

भाच्याला हो म्हटलं होतं, म्हणून मी कामाला लागलो. बॉक्सवर जुन्या गेम चालवायला एम्युलेटर लागतो. एम्युलेटर म्हणजे नक्कल करणारा प्रोग्राम. तो नव्या यंत्राला जुन्या यंत्रासारखं वागायला लावतो. मी रेट्रोआर्क हा मोफत प्रोग्राम टाकला. त्यात प्रत्येक जुन्या यंत्रासाठी वेगळा भाग असतो, त्याला कोअर म्हणतात. फॅमिकॉमचा कोअर उतरवला, ब्लूटूथचा गेमपॅड जोडला, टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड लावला म्हणजे बटण दाबल्यावर चित्र उशिरा हलत नाही. तासाभराचं काम. गेम कुठून घ्यायच्या हा खरा प्रश्न असतो. जुन्या झाल्या तरी त्यांचे हक्क बहुतेक वेळा कंपन्यांकडेच असतात. नव्या हौशी लोकांनी जुन्या यंत्रांसाठी बनवून मोफत दिलेल्या गेमही मिळतात. आमच्याकडे माळ्यावर कॅसेट होत्याच. पुण्यातल्या एका इंजिनिअर मित्राकडे कॅसेटमधली गेम कॉम्प्युटरवर उतरवायचं यंत्र आहे. त्याने त्या उतरवून दिल्या.

त्यात ती विमानांची गेमही आली.

रात्री सगळे झोपल्यावर मी ती एकट्याने लावली. एम्युलेटरमध्ये गेम थांबवून एकेक चित्र पुढे सरकवायची सोय आहे. बॉम्ब पडला तिथे थांबवलं आणि मोजत गेलो. दोन चित्रं पांढरी, दोन काळी, दोन पांढरी, दोन काळी. आपल्याकडचे जुने टीव्ही सेकंदाला ५० चित्रं दाखवायचे. चार चित्रांचं एक आवर्तन, म्हणजे सेकंदाला साडेबारा वेळा लुकलुकाट. पूर्ण पडदाभर, दोन फुटांवरून, अंधाऱ्या खोलीत, जागरण झालेल्या तेरा वर्षांच्या मुलीच्या डोळ्यांत.

एम्युलेटर तीच गेम आता सेकंदाला ६० चित्रांनी चालवत होता. म्हणजे लुकलुकाट १५ वेळा. आणखी धोक्याचा.

ही गोष्ट पालकांनी लक्षात घ्यावी. जुन्या यंत्रांची ताकद कमी होती. मोठा स्फोट दाखवायचा तर सगळ्यात सोपा उपाय म्हणजे अख्ख्या पडद्याचा रंग पटापट बदलणे. पुढे काही जुन्या गेम पुन्हा बाजारात आणताना त्यांतल्या चमका मुद्दाम मंद केल्या गेल्या. एम्युलेटर मात्र मूळ गेम जशीच्या तशी दाखवतो, लुकलुकाटासकट.

सकाळी मी ताईला ती चार चित्रं एकेक करून दाखवली. थांबलेल्या चित्राने काही होत नाही. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "एवढंच होतं?"

मी म्हणालो, "एवढंच. आणि मी म्हणालो होतो, एकच डाव राहिलाय."

"मला वाटायचं, मी हावरटासारखी खेळत बसले म्हणून झालं," ती म्हणाली. "काकू तसंच म्हणायची ना." माझी आई तिची काकू. मला हे माहीत नव्हतं. एकोणतीस वर्षांत आम्ही दोघं या विषयावर कधी बोललोच नव्हतो.

ती गेम मी बॉक्सवर ठेवली नाही. बाकीच्या आधी स्वतः खेळून पाहिल्या. मारिओ ठेवला.

मग भाच्याला खेळू द्यावं का?

प्रकाश-संवेदनशीलता घराण्यात चालू शकते, त्यामुळे हा प्रश्न रास्त आहे. पण मुलाला कधीही फिट आलेली नसेल, हात उडत नसतील, तर नुसत्या शंकेपोटी ईईजी काढायची गरज सहसा नसते. काळजी घेऊन खेळू द्यावं. आमच्या घरचे नियम असे आहेत आणि ते कोणत्याही घरी चालतील:

१. टीव्हीपासून निदान दोन मीटर लांब बसायचं. लांबून पडदा डोळ्यांपुढचा कमी भाग व्यापतो.

२. खोलीत दिवा हवा. अंधारात बाहुली मोठी होते आणि लुकलुकाट जास्त झोंबतो.

३. टीव्हीचा ब्राइटनेस कमी ठेवायचा.

४. अर्ध्या तासाने उठायचं. जागरण झालं असेल, ताप असेल, थकवा असेल तर त्या दिवशी गेम नाही.

५. एम्युलेटरमधलं फास्ट फॉरवर्ड वापरायचं नाही. सेकंदाला पाच वेळा चमकणारी गोष्ट तिप्पट वेगाने पंधरा वेळा चमकते. दोन चित्रांमध्ये काळं चित्र घालण्याची सोयही बंद ठेवायची, ती पडदा मुद्दाम लुकलुकवते.

६. अचानक चमकायला लागलं आणि विचित्र वाटलं तर एक डोळा तळहाताने पूर्ण झाकायचा आणि मान वळवायची. नुसते डोळे मिटून भागत नाही, पापण्यांतून लाल प्रकाश आत येतोच. एक डोळा झाकला की मेंदूच्या त्या भागाला मिळणारा मारा कमी होतो.

ज्यांना निदान झालेलं आहे त्यांनी लग्नातले डीजेचे लुकलुकते दिवे आणि धावत्या गाडीत झाडांमधून येणारं तिरपं ऊन यांपासूनही जपावं. ताईला बसमध्ये फिट आली होती ती यामुळेच असणार.

फिट आली तर काय करायचं?

घड्याळ बघा. आजूबाजूच्या टणक, टोकदार वस्तू बाजूला करा. डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा, गळ्याजवळचं कापड सैल करा. झटके कमी होताच एका कुशीवर वळवा म्हणजे लाळ श्वासनलिकेत जाणार नाही. हातपाय दाबून धरू नका. तोंडात चमचा, बोट, पाणी, काहीही घालू नका. कांदा आणि चप्पल यांचा उपयोग नाही, त्यात वेळ जातो आणि माणसाचा अपमान होतो. पूर्ण शुद्ध येईपर्यंत जवळ थांबा.

फिट पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली, शुद्ध न येता दुसरी आली, आयुष्यातली पहिलीच असेल, पाण्यात आली असेल किंवा बाई गरोदर असेल तर १०८ ला फोन करून लगेच दवाखान्यात न्या. अक्राणी, अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून दवाखाना लांब पडतो. अशा घरातल्या रुग्णांनी नाकात मारायच्या मिडॅझोलम स्प्रेबद्दल आपल्या डॉक्टरांना जरूर विचारावं.

एक महत्त्वाचं. टीव्हीसमोर फिट आली म्हणजे ती टीव्हीमुळेच आली असं नाही. आपल्या देशात मेंदूत फीतकृमीच्या अळीची गाठ होणं हे फिटचं नेहमी आढळणारं कारण आहे. आपल्या जिल्ह्यात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. सिकलसेल असलेल्या मुलाला फिट आली किंवा एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, तर तो मेंदूचा झटका असू शकतो. तिथे एक तासही थांबू नका. कारण शोधायचं काम डॉक्टरांचं, रुग्णाला पोचवायचं काम आपलं.

भाऊबीजेच्या संध्याकाळी मारिओ लागला. दिवा चालू, सोफा भिंतीला टेकवलेला, भाचा गेमपॅड घेऊन बसलेला. ताईची गोळी अजून चालू आहे. म्हणून मी तिला म्हणालो, तू बघ, खेळू नकोस. तिने माझं ऐकलं, पण पूर्ण नाही. पंधरा मिनिटांनी तिने मुलाच्या हातातून गेमपॅड घेतला, पहिल्याच खड्ड्यात मारिओ पडला आणि ती जोरात हसली.

भाचा म्हणाला, "आई, अजून एक डाव."

"नाही," ती म्हणाली. "तुझा मामा घड्याळ बघतोय." आणि टीव्ही तिनेच बंद केला.

तुमच्या घरात किंवा शेजारी कुणाची फिट लपवून ठेवलेली असेल, तर हा लेख त्यांना वाचून दाखवा. आणि मेंदूविकारतज्ज्ञ जवळ नसला तर आधी आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. तिथून पुढचा रस्ता सापडतो.